कुकचा कॅप्टनशी काही संबंध नाही

भुसावळच्या आमच्या निवृत्त रनिंग स्टाफच्या, म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांच्या, ग्रुपवर महिन्याभरात एकच फॉरवर्ड चार वेळा आला. चौथ्यांदा तो खुद्द माझ्या मेहुण्याने टाकला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. मजकूर थोडक्यात असा:

"ऑस्ट्रेलियातील अद्भुत रेल्वे शहर कुक! कॅप्टन कुक यांनी वसवलेले. वाळूच्या वाळवंटात, जिथे आधी कधीच माणूस राहिला नव्हता. ४७८ किलोमीटर रूळ इतका सरळ की ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून झोपतो. हा मार्ग भारतीय मजुरांनी बांधला म्हणून गाडीचे नाव इंडियन पॅसिफिक, ती १९१७ पासून सिडनी ते पर्थ धावते. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे शहर एका रात्रीत ओस पडले. आज लोकसंख्या फक्त ४. अभिमान वाटला तर पुढे पाठवा."

यात ४७८ चा आकडा बरोबर आहे. चार माणसांचा आकडाही काही वर्षांपूर्वीच्या मोजणीचा म्हणून चालून जाईल. बाकीच्याचा समाचार घेऊ.

आधी नाव. कॅप्टन जेम्स कुक १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने वर गेला. हे गाव आहे दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या पश्चिम टोकाला, समुद्रापासून आत, नलर्बोरच्या पठारावर. कॅप्टनसाहेब त्या बाजूला फिरकलेदेखील नाहीत. गावाचा जन्म रुळाबरोबरचा, १९१७ चा, आणि नाव आहे जोसेफ कुक यांचं. हे ऑस्ट्रेलियाचे सहावे पंतप्रधान, १९१३-१४ मध्ये वर्षभराहून थोडा जास्त काळ. इंग्लंडात लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. खात्री करायची तर त्या मार्गाच्या स्टेशनांची यादी वाचा. पूर्वेकडून निघालात की बार्टन, वॉटसन, फिशर, कुक, ह्यूज, डीकिन, रीड. देशाचे पहिले सातही पंतप्रधान रांगेने उभे आहेत, फक्त क्रम कारकिर्दीचा नाही. मधे डेनमन हे गव्हर्नर जनरल आहेत आणि ओ'मॅली हे मंत्री. आजूबाजूला डोंगर नाही, नदी नाही, गाव नाही, मग स्टेशनला नाव द्यायचं कशावरून? सरकारने आपल्याच माणसांची नावं वाटून टाकली.

आता स्टिअरिंग. एकतीस वर्षं इंजिनात बसलेल्या माणसांच्या ग्रुपवर हे वाक्य आलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. अहो, गाडीला स्टिअरिंग नसतं! वळण असो वा नसो, चाकाची कड आणि रूळ आपसात बघून घेतात. ड्रायव्हरच्या हातात वेग असतो आणि ब्रेक असतो. झोपायचं म्हणाल तर आपल्याकडे मिनिटभर काही हालचाल केली नाही की दक्षता यंत्र आधी दिवा लावतं, मग बोंबलतं, आणि तरी ढिम्म राहिलात तर ब्रेक लावून गाडी उभी करतं. तिकडच्या इंजिनांतही तशीच व्यवस्था असते. उलट सरळ रुळावरच तिची खरी गरज. घाटात डोळा लागत नाही, घाट लागू देत नाही. जिथे तासन्‌तास समोर एकच रेघ आकाशाला टेकलेली दिसते, तिथे माणूस पेंगतो. शिवाय सरळ म्हणजे अगदी समतल नव्हे. हलके चढउतार आहेतच, आणि मागे १८०० मीटर लांबीची मालगाडी असली की तिचं शेपूट चढावर आणि डोकं उतारावर, असं सांभाळत न्यावं लागतं. हा सरळ तुकडा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊल्डिया स्टेशनच्या पश्चिमेला सुरू होतो आणि राज्याची हद्द ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लूंगानाच्या पलीकडे संपतो. जगातला सर्वांत लांब सरळ रूळ म्हणून तोच ओळखला जातो.

तो सरळ का, याच्या उत्तरातच वाळूचा मुद्दा निकालात निघतो. नलर्बोर म्हणजे वाळू नाही, चुनखडी. कधीकाळी समुद्राचा तळ होता, तो वर आला. वर मातीचा पातळ थर, त्यावर गुडघ्याएवढी खारी झुडपं. नाव ऐकून ते मूळनिवासींच्या भाषेतलं वाटतं, पण ते लॅटिन आहे, अर्थ 'एकही झाड नाही'. १८६० च्या दशकातल्या एका सर्व्हेयरने दिलेलं. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि पडतो तोही चुनखडीतून खाली गुहांमध्ये उतरून जातो. त्यामुळे नदी नाही, ओढा नाही, पूल नाही, खोदाई नाही. इंजिनिअरने पट्टी ठेवून रेघ मारली. वाळूच्या टेकड्या लागतात त्या ऊल्डियाच्या पूर्वेला, आणि नेमका तिथेच रूळ वळणं घेतो.

"आधी कधीच माणूस राहिला नव्हता" हे वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचं आहे. पठाराच्या पूर्व कडेला ऊल्डियाला वाळूखाली गोड्या पाण्याचा झरा होता. मूळनिवासींच्या अनेक टोळ्या पिढ्यानपिढ्या तिथे जमायच्या, देवाणघेवाण व्हायची, विधी व्हायचे. रेल्वे आली ती याच पाण्यावर. रेल्वेने विहिरी खोदल्या, पाणी पंपांनी ओढलं, पाण्याखालच्या चिकणमातीच्या थराला भोकं पाडली, आणि दहाएक वर्षांत झरा रेल्वेच्या कामाचा उरला नाही. हजारो वर्षं पुरलेलं पाणी दहा वर्षांत संपवणाऱ्यांना 'इथे कोणी नव्हतं' हे सांगणं सोयीचंच असतं.

आता आपल्या अभिमानाचं बघू. 'इंडियन पॅसिफिक' मधला इंडियन म्हणजे इंडियन ओशन, हिंदी महासागर. पर्थ त्या किनाऱ्यावर, सिडनी पॅसिफिकच्या. एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत, इतकाच अर्थ. मार्गाचं काम सुरू झालं १९१२ मध्ये, आणि तेव्हा भारतीय मजुरांच्या तुकड्या तिकडे उतरणं शक्यच नव्हतं. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांव्यतिरिक्त बाकीच्यांना दार बंद केलं होतं. बंदरावर उतरणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवायला सांगत. कोणती भाषा, ते अधिकारी ठरवणार. पंजाब्याला जर्मन घातली की झालं काम!

पण आपल्या बाजूचा धागा खरोखर आहे, आणि तो फॉरवर्डवाल्याच्या हाताला लागला नाही. उंट. १८६० मध्ये एका मोठ्या शोधमोहिमेसाठी उंट जहाजात चढले ते कराचीला. १८६६ मध्ये शंभराहून जास्त उंट आणि त्यांचे हाके, म्हणजे उंट हाकणारे, पुन्हा कराचीहूनच गेले. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यात होता, थेट १९३६ पर्यंत. म्हणजे मुंबई सरकारच्याच एका बंदरातून हे उंट निघाले. हाक्यांमध्ये बलुची होते, पठाण होते, पंजाबी, सिंधी होते. तिकडे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. कुकवरून जाणाऱ्या मार्गाच्या पाहणीत आणि बांधकामात उंटांनी ओझी वाहिली. आणि यांच्यावरून एका गाडीचं नाव पडलं असं मानतात ती आहे 'घान', ॲडलेडहून उत्तरेला जाणारी. अभिमान धरायचाच होता तर गाडी चुकली!

१९१७ पासून सिडनी ते पर्थ एकच गाडी, हे तर आपल्यासारख्या ब्रॉडगेज-मीटरगेज-नॅरोगेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) कोळून प्यायलेल्यांना पटूच नये. पश्चिम ऑस्ट्रेलियाला संघराज्यात आणताना रेल्वेने जोडून देऊ असं आश्वासन दिलं गेलं होतं. १९१२ मध्ये पूर्वेच्या टोकाला पोर्ट ऑगस्टाकडून काम सुरू झालं, पुढच्या वर्षी पश्चिमेच्या टोकाला कॅलगूर्लीकडून, आणि १७ ऑक्टोबर १९१७ ला दोन्ही टोकं ऊल्डियाला भेटली. १६९३ किलोमीटर, सुमारे २५ लाख लाकडी स्लीपर (रुळांखाली आडवे टाकतात ते ओंडके), तेही महायुद्ध चालू असताना. हा सगळा मार्ग १४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. पण दोन्ही टोकांना पुढे १०६७ चा नॅरो! प्रत्येक वसाहतीने आपापला गेज धरलेला. सिडनीहून निघालेला प्रवासी आल्बरीला गेज बदलायचा, व्हिक्टोरियाच्या १६०० मिलिमीटरवर चढायचा, तेरोवीला नॅरोवर, पोर्ट ऑगस्टाला स्टँडर्डवर, कॅलगूर्लीला परत नॅरोवर. प्रत्येक ठिकाणी बोचकी उतरवा, बोचकी चढवा. (याच तेरोवीच्या फलाटावर १९४२ मध्ये गाडी बदलताना, फिलिपिन्स सोडून आलेले अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर 'मी परत येईन' हे आपलं गाजलेलं वाक्य बोलून गेले. गेज एक असता तर ते वाक्य दुसऱ्या कुठल्या फलाटाच्या नशिबी गेलं असतं.) सलग एका गेजवर इंडियन पॅसिफिक सिडनीहून पहिल्यांदा सुटली २३ फेब्रुवारी १९७० ला. फॉरवर्डने त्रेपन्न वर्षं आधी सोडली.

अणुबॉम्ब. ब्रिटिशांनी याच भागात, मारालिंगाला, चाचण्या केल्या हे सत्य आहे. मोठे स्फोट १९५६ आणि ५७ मध्ये झाले, छोटे प्रयोग १९६३ पर्यंत चालले. सामान उतरायचं ते कुकच्या पूर्वेकडच्या वॉटसन स्टेशनवर. त्याची किंमत मोजली मूळनिवासींनी. ऊल्डियाला मूळनिवासींसाठी असलेलं ख्रिस्ती मिशन १९५२ मध्ये बंद झालं, माणसं दक्षिणेला यालाटाला हलवली गेली, आपल्याच जमिनीवर जायला त्यांना बंदी झाली. ती जमीन कायद्याने परत मिळाली १९८४ मध्ये. कुक मात्र या काळात चांगलं नांदत होतं. शाळा होती, दुकान होतं, पोहायचा तलाव होता, इस्पितळ होतं. तिकडच्या बोलीत आजारी माणसाला 'क्रुक' म्हणतात, म्हणून इस्पितळ चालू राहावं यासाठी गावाने पाटी रंगवली होती: 'इफ यू आर क्रुक, कम टू कुक'. ज्यांना रुग्ण कमी पडतात म्हणून अशी पाटी लावावी लागते, ते बॉम्बच्या भीतीने रातोरात पळालेले नसतात.

मग गाव ओस का पडलं? इथे आपल्या लोको शेडच्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडू नये. वाफेचं इंजिन दर काही मैलांनी पाणी मागतं. या अख्ख्या मार्गावर बारमाही गोड्या पाण्याचा एकही प्रवाह रूळ ओलांडत नाही. बोअरचं पाणी खारट, बॉयलरचं वाटोळं करणारं. त्यामुळे गाडीच्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा, कोळसाही बाहेरून आणायचा. म्हणून जागोजागी माणसं बसवावी लागली: पाणी बघणारी, कोळसा बघणारी, इंजिन बघणारी. त्यात लाकडी स्लीपर म्हटल्यावर रुळाची निगा राखणाऱ्या मजुरांच्या गँगा आल्या, गँगांची कुटुंबं आली. कुक हे त्यातलं मोठं ठाणं.

या वस्त्यांना जगवायला एक गाडीच होती, 'टी अँड शुगर'. दर आठवड्याला पोर्ट ऑगस्टाहून निघून कॅलगूर्लीकडे वस्तीवस्तीवर थांबत जायची. एका डब्यात किराणा, एका डब्यात खाटीक, पूर्वी तर मेंढरं जिवंत न्यायचे आणि वाटेत कापायचे. एका डब्यात पगार. पाण्याच्या टाक्या वेगळ्या. नाताळात त्याच गाडीतून सांताक्लॉज उतरायचा. पगाराचा डबा आणि किराण्याचा डबा एकाच गाडीला, म्हणजे या डब्यातून पैसे घ्यायचे आणि त्या डब्यात देऊन यायचे. सरकारचा पैसा सरकारी गाडीतच फिरून परत.

१९५१ पासून डिझेल इंजिनं आली आणि पाणी-कोळशाची माणसं गेली. पुढे सिमेंटचे स्लीपर आले. लाकडी स्लीपर बदलत राहावे लागतात, सिमेंटचा एकदा टाकला की कित्येक वर्षं बघायला नको. गँगा गेल्या, कुटुंबं गेली, शाळेत पोरं उरली नाहीत. टी अँड शुगर १९९६ मध्ये बंद झाली. १९९७ मध्ये सरकारी रेल्वे कंपनी विकली गेली आणि कुकही आवरतं घेतलं. एका रात्रीत नव्हे, पंचेचाळीस वर्षांत. बॉम्बने नव्हे, डिझेलने आणि सिमेंटने.

आणि ती चार माणसं कुठल्या गूढ कारणाने तिथे राहत नाहीत. कुकला अजून डिझेलच्या टाक्या आहेत आणि ड्रायव्हरांना मुक्कामाला खोल्या, आपल्या भाषेत रनिंग रूम. महामार्ग तिथून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला. एके काळी पाणी जमिनीखालून उपसायचे, आता तेही गाडीनेच येतं. इंडियन पॅसिफिक थांबते तेव्हा प्रवासी पाय मोकळे करायला उतरतात. गावात बघण्यासारखं म्हणजे जुना तुरुंग, शेजारी शेजारी दोन खोपटी, संडासाएवढी, एकेका माणसाची. सगळे तिथे फोटो काढतात. पुढे इंजिनाला डिझेलचा पाइप लागलेला असतो, आणि बॅग खांद्याला लावलेला नवा ड्रायव्हर जुन्याकडून गाडीचा चार्ज घेत असतो.