आईची परवानगी आणि कळसूबाई

वयाची तिशी आली, घराचा हप्ता स्वतः भरतो, ऑफिसात दहाजणांच्या रजा मंजूर करतो. अशा माणसालाही पावसाळ्यातल्या एका रविवारी कळसूबाईला जायचं असेल तर अर्ज स्वयंपाकघरातच करावा लागतो. नुसतं सांगितलं तर "ठरवूनच आलायस, मग सांगतोस तरी कशाला?" आणि विचारलं तर "मला काय विचारतोस, मोठे झालात आता." तरीही विचारावंच. सांगणाऱ्याचा खटला जास्त दिवस चालतो.

आई नाही म्हणत नाही, खरी पंचाईत तिथेच आहे. नकार मिळाला तर निदान भांडता तरी येतं. ती हो म्हणते, पण असं, की कसारा यायच्या आत आपल्यालाच परत फिरावंसं वाटावं. "जा हो, खुशाल जा. आम्ही आहोतच घर राखायला." पाठोपाठ गुडघ्यावर हात. हा गुडघा सोमवार ते शुक्रवार चार मजले चढतो-उतरतो, शनिवारी मात्र त्याला आधार लागतो.

विचारण्याची वेळ चुकली की सगळं चुकलं. आठवडाभर आधी विचारू नये. आईला तेवढे दिवस हवामान खात्याचे इशारे वाचायला मिळतात आणि पिवळ्याचा नारिंगी झाला की आपण संपलो. संकष्टीला तर नाहीच. चंद्रोदय व्हायचा असतो, पोटात साबुदाण्याखेरीज काही नसतं. गुरुवारी संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर आणि मालिका सुरू व्हायच्या आधी, भाजी निवडायला बसावं. गवार असेल तर उत्तम. शेंगेची दोन्ही टोकं मोडून शिरा ओढायच्या असतात, त्यामुळे कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत विषय काढू नये. न सांगता गवार निवडायला बसलेला मुलगा म्हणजे आधीच संशयित. शेंगा मोडण्याचा कटकट आवाज वाढला तर थांबावं. आवाज अजिबात बंद झाला तर विषय बदलावा.

"कोण कोण आहे?" याला सगळी यादी वाचू नये. ज्याची आई हळदीकुंकवाला येते त्याचं नाव पहिलं, आणि ज्याच्याकडे बुलेट आहे त्याचं घेऊच नये. प्रवास तुकड्यातुकड्यांत सांगावा: लोकलने कसारा, पुढे जीपने बारी गाव, तिथे चहा, उजाडल्यावर चढण. लोकल रात्रीची शेवटची आहे हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, ही माहिती मित्रांसाठी राखून ठेवावी. "बाबांना विचार" आलंच तर बाबांकडे जाऊन यावं, ते पेपरमागून "आईला विचारलंस का?" म्हणतात आणि फाइल परत येते.

आता हुकमाचा पत्ता. वर देवीचं देऊळ आहे. हे खरंच आहे, त्यामुळे मनाला टोचणी नाही. "कळसूबाईचं दर्शन घेऊन येतो" म्हटलं की गुडघा जागच्या जागी बरा होतो. मात्र याची किंमत पाठीवर मोजावी लागते: ओटीचा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या. वर "मला काही सोसवत नाही आता, बाहेरच खा" म्हणालेली आई शनिवारी रात्री निघण्यापूर्वी दुधात भिजवलेल्या पिठाच्या बारा दशम्या, लसणीची चटणी आणि गूळ बांधते. दशम्या सहाजणांत दोन-दोन वाटाव्यात. एकही परत आणू नये. उरलेली दशमी हा पुढच्या परवानगीच्या वेळचा पुरावा असतो. "माझ्या हातचं आता गोड लागत नाही" हे वाक्य तिच्यावरच उभं राहतं.

डोंगरात रेंज जाते हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावं आणि बारीत उतरल्या उतरल्या पहिला फोन घरी करावा. मित्रांना चहा सांगू दे, आपण फोन करायचा. फोटो पाठवायचा तो ओटी भरतानाचा. लोखंडी शिड्यांचा, विशेषतः धुक्यात एका हाताने शिडी धरून दुसऱ्याने काढलेला, स्टेटसला टाकू नये. आईपासून लपवता येतो, पण आत्या राहते. ती आधी अंगठा देते, मग आईला फोन लावते, आणि "शूर आहे हो तुमचा मुलगा" इतकंच म्हणते. त्यानंतरची परवानगी थेट दिवाळीनंतर मागावी.