नाकासमोर चालणारी गाडी

आमच्या घरात नाकासमोर चालणारा म्हणून मी (थोडा बदनामच) आहे. त्यामुळे मी हौसेने आणलेली जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, नाकासमोर चालत नाही हे कळलं तेव्हा बायकोला मनापासून आनंद झाला. "चला, घरात एक तरी वळणदार आलं," ती म्हणाली.

विकणाऱ्याने मला फसवलं असं म्हणता येणार नाही. तो म्हणाला होता, "गाडी ओढते बघा चांगली." मला वाटलं, इंजिनात दम आहे. ती डावीकडे ओढते, मग उजवीकडे ओढते आणि मनात आलं तर बर्फाच्या ढिगाऱ्याकडे ओढते, हा तपशील विचारायचं मलाच सुचलं नाही.

ज्यांनी हे वाहन चालवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, आणि मागे एक रुंद रबरी ट्रॅक, म्हणजे गोल फिरणारा पट्टा. ट्रॅक ढकलतो, स्की दिशा दाखवतात. दाखवतात एवढंच, मागच्याने ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. ब्रेकसुद्धा ट्रॅकलाच असतो. प्रत्येक स्कीच्या तळाला पोलादाची एक सळई असते आणि तिच्यात कार्बाइडचे कठीण तुकडे बसवलेले असतात. त्यांची धार बर्फात रुतते म्हणून गाडी वळते. अडीचशे किलोच्या आसपासचं धूड आणि वर मी, असा सगळा कारभार त्या बोटभर जाडीच्या सळयांवर चालतो.

माझ्या गाडीच्या रोगाला जाणकार 'डार्टिंग' म्हणतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर आधीच्या गाड्यांनी चर पाडलेले असतात. स्की त्यात शिरते आणि गाडी तिच्यामागे जाते. हा चर संपला की दुसरा. 1959 साली क्युबेकच्या जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांनी 'स्की-डू' बाजारात आणली, तेव्हा तिचं नाव म्हणे 'स्की-डॉग' ठरलं होतं, कारण ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. माझी गाडी त्या घराण्यातली नव्हे, पण कुत्र्याचा अंश तिच्यात पुरेपूर उतरलाय. दिसेल तो माग हुंगत जाते, आणि मी मागे साखळी धरून लोंबकळल्यासारखा हँडलला लोंबकळतो.

मेहुण्याला फोन केला. त्याला सगळं येतं. हा त्याचा दावा नाही, माझ्या सासूबाईंचा आहे.

"दाजी, कार्बाइड बघा. झिजले असतील."

बघितले. झिजलेच होते, धारेच्या जागी गुळगुळीत गोलाई आली होती. नवे आणले, दोन संध्याकाळी बोटं सोलून बसवले. गाडी आता वळणावर छान वळू लागली, आणि चरात पूर्वीपेक्षा जास्त जोमाने घुसू लागली. नवी धार म्हणजे पकड जास्त, आणि पकड वळणाची असो की चराची, कार्बाइडला काय त्याचं!

"म्हणजे अलाइनमेंट गेलंय," मेहुणा म्हणाला. आधी का नाही म्हणालास, असं मी विचारलं नाही. दाजी या पदाची काही शान असते.

अलाइनमेंटची रीत ऐकायला सोपी आहे. गाडीचं नाक उचलून आधारावर ठेवायचं. हँडल बरोबर मधोमध आणून बांधून टाकायचं. दोन्ही स्कींची टोकं लवचिक दोरीने एकमेकांकडे ओढून धरायची, म्हणजे सांध्यांतली ढिलाई मापात लुडबुड करत नाही. मग ट्रॅकच्या कडेला एक लांब सरळ पट्टी टेकवून ती पुढे स्कीपर्यंत न्यायची आणि कार्बाइडच्या पुढच्या टोकाशी एकदा, मागच्या टोकाशी एकदा अंतर मोजायचं. दोन स्कींमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे किंचित जास्त हवं. गाडीगणिक आकडा बदलतो, पण साधारण 3 ते 6 मिलीमीटर.

माझी डावी स्की सरळ होती. उजवी मात्र 11 मिलीमीटर आत वळून डावीकडे एकटक बघत होती. इतक्या वर्षांच्या सहवासात होतं असं.

टाय रॉड म्हणजे हँडलचं वळण स्कीपर्यंत पोचवणारा दांडा. त्याचे दोन्ही लॉकनट सैल करायचे आणि रॉड फिरवायचा, की स्की आत-बाहेर होते. एका टोकाचे आटे उलटे असतात, हे मला पाना घसरून कोपर भिंतीवर आपटल्यावर कळलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं, तेवढ्यात बायको आत आली.

"अरे, ती दोरी लागणार आहे का तुला?"

मी गाडीखाली. तोंडात टॉर्च. 'हं' असा काहीतरी आवाज केला असेन. तिने हँडलची दोरी सोडून नेली. मी वर बघितलंच नाही. उजवी झाली, मग डावीही थोडी हलल्यासारखी वाटली म्हणून तीही ट्रॅकशी जुळवली. दोन्ही मापं चोख, नट घट्ट. विजयी मुद्रेने हात पुसले.

आता गाडी भरकटेना, पण हँडल असं जड की वळण घेताना खांदे बोलू लागले. मेहुणा म्हणाला, पुढे वजन जास्त पडतंय, लिमिटर स्ट्रॅप एक भोक सैल करा. हा पट्टा ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली येऊ द्यायचा ते ठरवतो. सैल केला की भार मागे सरकतो आणि स्की हलक्या होतात. मी उत्साहात दोन भोकं सैल केला. हँडल लोण्यासारखं झालं. पहिल्या वळणावर मी ते पूर्ण डावीकडे वळवलं, दोन्ही स्की डावीकडे वळल्या आणि गाडी सरळ गेली. थ्रॉटल, म्हणजे अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलरेटर, दिला की स्कींवरचा भार आणखी कमी होतो, सोडला की पुढे येतो. घाबरून माझा अंगठा थ्रॉटलवर आवळला गेला. ढिगारा मऊ होता.

मग एक भोक घट्ट. मग ट्रॅकच्या पुढच्या शॉकची स्प्रिंग थोडी कडक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी, असं मेहुणा सांगतो. मी लिहून ठेवलं होतं, पण कागदावर ग्रीस लागलं.

एका सकाळी अखेर ती आली वठणीवर. दाबलेला जुना बर्फ, आडवेतिडवे चर, आणि त्यावरून ती सुतासारखी सरळ. वळणाआधी थ्रॉटल सोडला, अंग आत झुकवलं, वळली. मी एकट्यानेच मोठ्याने "वा!" म्हटलं आणि बायकोला आणायला घरी आलो.

ती चालवायला बसली. शंभरेक मीटर जाऊन थांबली आणि मागे वळून बघू लागली.

"अरे, गाडी सरळ जातेय, पण हँडल उजवीकडे वळलेलं आहे."

मी बघितलं. तिने सोडून नेलेली दोरी आठवली. दोन्ही टाय रॉड, चारही लॉकनट आणि भिंतीवरची ती जागाही आठवली.

"हँडल बरोबर आहे," मी म्हणालो. "तू जरा उजवीकडे सरकून बस बघू."

ती सरकून बसली. "हां, आता ठीक वाटतंय," म्हणाली आणि निघून गेली.