‘८५ टक्के नोकऱ्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत’ : या दाव्याला उत्तर

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. २०३० मधील ८५ टक्के नोकऱ्या आज अस्तित्वातच नाहीत, म्हणून आयटीआय आणि कारखान्यात मुलांची वर्षे घालवू नका, कन्नडवर वेळ दवडू नका, फक्त कोडिंग शिकवून पुण्याला किंवा बंगळूरला पाठवा, असे त्यात सांगितलेले असते. त्यावर विसंबून घरोघरी निर्णय होत आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

८५ हा आकडा २०१७ मधील एका अहवालातून आला. तो अहवाल डेल टेक्नॉलॉजीज या संगणक कंपनीसाठी अमेरिकेतील एका भविष्यवेधी संस्थेने वीसेक तज्ज्ञांच्या चर्चेवरून तयार केला होता. म्हणजे हा आकडा नोकऱ्यांच्या मोजणीतून आलेला नसून त्या चर्चेतला अंदाज आहे. तो खरा ठरायचा तर शिक्षक, परिचारिका, गवंडी, चालक, दुकानदार, शेतकरी ही सगळी कामे मिळून २०३० मध्ये फक्त १५ टक्के उरावी लागतील, आणि बेळगावच्या बाजारपेठेत, गणपत गल्लीतून एक फेरी मारली तरी हे किती अशक्य आहे ते दिसते. उलट वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगभरात १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९.२ कोटी जातील, असा अंदाज आहे. त्यात संख्येने सर्वाधिक वाढणाऱ्या कामांत शेतमजूर, माल पोहोचवणारे चालक आणि बांधकाम कामगार आहेत. घटणाऱ्यांत बँकेतील रोखपाल आणि डेटा एंट्रीचे कारकून आहेत.

‘कारखान्यातील काम संपले’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्रींना, म्हणजे धातू वितळवून साच्यात भाग ओतणाऱ्या कारखान्यांना, विजेच्या गाड्यांमुळे धक्का बसणार, हे मान्यच करायला हवे, कारण इंजिनचे ओतीव भाग त्या गाड्यांना लागत नाहीत. पण पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिक यंत्रे यांचे भाग लागतच राहणार आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीला तर विमानाचे सुटे भाग बनतात. हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, चढवलेला असताना ऑपरेटर नुसता उभा नसतो. टूलचा आवाज बदलला की त्याचे कान टवकारतात, तो मायक्रोमीटरने व्यास मोजतो आणि शतांश मिलिमीटरची चूक दिसली तर ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेसाठी यंत्राला दिलेले माप, बदलतो. हाताच्या लेथवरून सीएनसीवर येताना यंत्र बदलले, परंतु ड्रॉइंग वाचणे, धातू ओळखणे आणि अचूक मोजणे ही विद्या तीच राहिली, आणि पुढचे यंत्र आले तरी तीच कामी येणार आहे.

कन्नडविषयी फार लिहायची गरज नाही. मराठी ही आपली भाषा आहे आणि तिच्या हक्कासाठी आपण भांडतच राहू, परंतु कर्नाटक सरकारच्या नोकऱ्यांना कन्नड लागते, तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना अर्ज करता येतो. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या मुलासमोर दोन राज्यांची दारे उघडी असताना त्यातले एक आपल्याच हाताने का लावून घ्यावे?

राहिले कोडिंग. ते जरूर शिकावे, पण नवख्याकडून करून घेतला जाणारा साधा कोड आज कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, त्यामुळे भविष्याच्या भीतीने सगळे सोडून फक्त त्याच्याच मागे लागणे हे त्या मजकुरातल्या भीतीशीही विसंगत आहे. सीएनसीचा प्रोग्रॅम लिहिणारा आणि तोच भाग स्वतःच्या हाताने मोजून पाहणारा मुलगा मात्र दोन्हींकडे उपयोगी पडतो.

म्हणून आयटीआयच्या प्रवेशाला जाताना पालकांनी तो मजकूर बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : यंत्रावर मुलाला स्वतःला किती तास मिळतात, मोजमापाची साधने त्याच्या हातात देतात की कपाटात ठेवतात, आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारीसाठी मुले कोणत्या कारखान्यात जातात.