बेसबॉलपटू रिपकन सगळे सामने शॉर्टस्टॉपला खेळला नव्हता : माझ्याच पोस्टचा खुलासा

'कॅल रिपकन ज्युनियर सलग २६३२ सामने शॉर्टस्टॉपला खेळला आणि दुखापतीने थांबला,' असं मीच परवा लिहिलं होतं. (शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा.) आकडा बरोबर, बाकी चूक. जुने स्कोअरकार्ड आता नीट पाहिले. ३० मे १९८२ ला ही मालिका सुरू झाली तेव्हा तो तिसऱ्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करत होता. शॉर्टस्टॉपला आला १ जुलैला. १९९७ पासून पुन्हा तिसरा बेस. दुखापतीचं तर मी कुठून आणलं कोण जाणे! २० सप्टेंबर १९९८ ला सामन्याआधी त्याने स्वतःच मॅनेजरला सांगितलं, आज बसतो, खेळत नाही. पहिला गडी बाद होताच समोरच्या यांकीज संघाचे खेळाडू डगआउटच्या (मैदानाकडेच्या त्यांच्या बसायच्या जागेच्या) पायरीवर येऊन टाळ्या वाजवू लागले.

जुनी पोस्ट काढलीय. कुणी फॉरवर्ड केली असेल, तर कृपया तिथे हा खुलासा टाका.