रँकिनबाई एकट्या नव्हत्या, आणि संपल्याही नव्हत्या

जेनेट रँकिन यांचा फोटो आणि खाली चार ओळी, अशी एक पोस्ट बरीच फिरते आहे: ‘अमेरिकी काँग्रेसमधली पहिली महिला. पहिल्या महायुद्धाला विरोध करणारी एकटी खासदार. मत देताना ढसाढसा रडली. त्या एका मतानं तिचं राजकारण संपलं.’ पहिली ओळ खरी. बाकीच्या ओळींनी एका कर्तबगार बाईला उगाच बिचारी करून टाकलंय.

एकटी? ६ एप्रिल १९१७ च्या पहाटे प्रतिनिधीगृहात युद्धाच्या बाजूनं ३७३ मतं पडली, विरोधात ५०. त्यात ४९ पुरुष होते. खुद्द अध्यक्ष विल्सन यांच्या पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनही विरोधात गेले. एकट्या पडल्या त्या पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला: ३८८ विरुद्ध १. दोन युद्धांची सरमिसळ झाली आहे.

रडण्याबद्दल १९१७ मध्ये युद्धाच्या बाजूनं मत देणारे न्यूयॉर्कचे खासदार ला गार्डिया यांनाच विचारलं गेलं होतं. ते म्हणाले, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला दिसलं नाही. पुरुषांच्या अश्रूंची बातमी होत नाही, हे मला फार खटकतं.

आता ‘राजकारण संपलं’. मताचा फटका बसलाच, पण तेवढंच कारण नव्हतं. १९१६ मध्ये त्या अख्ख्या मोंटाना राज्यातून निवडून आल्या होत्या. पुढे राज्याचे दोन मतदारसंघ झाले आणि त्यांच्या वाट्याला विरोधी पक्षाचा बालेकिल्ला आला. शिवाय जून १९१७ मध्ये मोंटानातल्याच ब्यूट गावच्या स्पेक्युलेटर या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. कामगारांनी संप केला. रँकिनबाई ब्यूटला जाऊन त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, तेही जिथे वर्तमानपत्रांवरसुद्धा अ‍ॅनाकोंडा या तांबे कंपनीचा दाब होता अशा राज्यात. १९१८ ला सिनेटसाठी उभ्या राहिल्या, पक्षाची उमेदवारी गेली, तिसऱ्या पक्षाकडून लढल्या आणि पडल्या. पण त्याच वर्षी जानेवारीत महिलांच्या मताधिकारावरची चर्चा प्रतिनिधीगृहात त्यांनीच सुरू केली होती आणि तो देणारी घटनादुरुस्ती २७४ विरुद्ध १३६ नं तिथे मंजूर झाली होती.

१९४० मध्ये मोंटानानंच त्यांना पुन्हा निवडून दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर गांधीजींच्या विचारांच्या ओढीनं त्या अनेकदा भारतात आल्या. १५ जानेवारी १९६८ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो महिलांच्या मोर्चात त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या.