भाऊकाकांच्या डोक्यामागची गणेशपट्टी

आत्ताच घरी पोचले. पाय भरून आलेत, चहा टाकलाय, पण आधी हे लिहिते. उद्या लिहायला घेतलं तर राग निवलेला असेल आणि मग मी गप्प बसेन.

आज आम्ही चौदा जण पुण्याहून वाई, मेणवली आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर असं एका दिवसात करून आलो. परतताना गाडीतच ग्रुपवर फोटो पडायला लागले. दोनशेच्या वर. मी सगळे पाहिले, एकूण एक. त्यात विहीर नाही. म्हणजे आहे, कोणाच्या तरी खांद्यावरून दिसणारी काळी कड, एवढीच. मी माझे आठ-दहा टाकले तर मिनिटभरात उत्तर आलं: "अगं, यात कोणीच नाहीये! नुसत्या दगडांचे काय फोटो काढतेस?"

नुसते दगड! 1719 ते 1724, पाच वर्षं खपून विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली विहीर आहे ती. शाहू महाराजांच्या काळातली. जवळजवळ 110 फूट खोल, एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ऐसपैस, आणि पायऱ्या उतरून गेलात की पोटात चक्क खांबांचं दालन. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. तो आकार एका फोटोत यावा म्हणून मी कडेकडेने फिरत होते आणि मला सारखं ऐकू येत होतं, "चल गं, ग्रुप फोटोला थांबलोय."

आमच्या घरी एक फोटो आहे. मे 1981, वाई, आमच्या आजोबांचा वाडा. अण्णांच्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेला. रोलवर बाराच फोटो यायचे, त्यामुळे प्रत्येक फोटोत जास्तीत जास्त माणसं बसवायची. दिंडी दरवाजासमोर आम्ही एकोणीस जण दाटीवाटीने उभे आहोत आणि अगदी मधोमध, सगळ्यांत उंच, भाऊकाका. चौकटीवरची गणेशपट्टी बरोबर त्यांच्या डोक्यामागे.

1998 मध्ये वाडा पाडला. आता तिथे तीन मजली इमारत आहे.

त्या गणपतीच्या दोन्ही बाजूंना काय कोरलं होतं, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. आई म्हणायची मोर. आत्या शपथेवर सांगते, हत्ती. मी फोटो स्कॅन करून मोठा करकरून पाहिलाय. काकांच्या उजव्या कानाशेजारी एक वळण दिसतं. मोराची मान असेल, सोंड असेल, नुसती वेलबुट्टीही असेल. त्या दारातून मी हजार वेळा आतबाहेर केलं असेन आणि मला आठवत नाही. ही गोष्ट मला अजून लागते.

म्हणून मी दगड काढते. चौकटी, कोनाडे, तुळया, उंबरे काढते. वाईला गेल्यावर ढोल्या गणपतीसमोर सगळे रांगेने उभे राहतात आणि घाटावरून निघतात. मागे जाऊन बघा ना! सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये ते देऊळ कृष्णेच्या पात्रालगत बांधलं, तेव्हा मागची भिंत माशासारखी निमुळती केली, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. आज चौदा जणांतले दोघे मागे आले. मेणवलीला तेच. चिमाजीअप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आलेली ती घंटा, तिच्यावर 1707 हे साल आणि मेरीची बाळ येशूसकट आकृती. फोटोत काय आलं? घंटेला लटकल्यासारखा हात केलेले आमचे लोक.

शिलालेखांवर खडू घासणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. अक्षरं नीट यावीत म्हणून म्हणे! अहो, बाजूने ऊन येईपर्यंत थांबा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूला तिरका धरा. अक्षरांची सावली पडते आणि सगळं वाचता येतं. समोरून फ्लॅश मारलात तर सपाट पाटी दिसणारच.

बरं, फोटोत माणसं असली की आकाराचा अंदाज येतो, हे मान्य. खांबाशेजारी कोणीतरी उभं असेल तर खांब केवढा ते कळतं. एका जणाने पुरतं तेवढ्याला, चौदा लागत नाहीत.

चहा घेऊन आले. मधे तो 1981 चा फोटो पुन्हा काढून बसले होते.

भाऊकाका 2006 मध्ये गेले. त्यांचा असा खळखळून हसतानाचा दुसरा फोटो आमच्यापैकी कोणाकडेच नाही. अण्णांनी तेव्हा माझं ऐकलं असतं आणि सगळ्यांना बाजूला करून फक्त दार काढलं असतं, तर मोर की हत्ती ते आज कळलं असतं. काका मात्र नसते. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आज लिहिता लिहिता सुचलं, आणि ज्या मैत्रिणीने "यात कोणीच नाहीये" लिहिलं तिच्यावर मघाशी होता तेवढा राग आता नाही.

तरी एक सांगतेच. बारा फोटोंचा रोल होता तेव्हा निवड करावी लागायची. आज तुमच्या हातात शेकडो फोटोंची जागा आहे. दोनशे स्वतःचे काढा, हौसेने काढा. मग सगळ्यांना चार पावलं बाजूला व्हायला सांगा आणि एक नुसता दरवाजाचा काढा. फक्त प्रसिद्ध जागांचा नको, त्यांची आधीच हजारो छायाचित्रं आहेत. वाटेत चहाला थांबता त्या गावातल्या पडक्या वाड्याचा काढा, स्वतःच्या आजोळाचा काढा. गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

आज विहिरीवर आमच्यातल्या एकीची नऊ वर्षांची मुलगी मला विचारत होती, "मावशी, मोट म्हणजे काय?" मी सांगितलं: चामड्याची मोठी पिशवी, बैल उतरणीवरून पुढे चालले की भरून वर येते, पाणी थारोळ्यात पडतं. तिने आईचा मोबाइल घेतला आणि मोटेची एकेक जागा मोजत सगळ्यांचे फोटो काढले. आम्ही जेवायला थांबलो होतो, ती काढत होती. ग्रुपवर कोणी टाकले नाहीत ते. मी मागून घेतलेत.

आणि वाईकरांनो, मधल्या आळीतल्या कोणाकडे 1998 च्या आधीचे आळीचे फोटो असतील, लग्नाच्या वरातीतले, गणपतीच्या मिरवणुकीतले, कसलेही, तर कृपा करून मला पाठवा. मागे एखादा निळा दिंडी दरवाजा दिसला तर तो आमचा. वरची पट्टी धूसर आली असली तरी चालेल.