गार बघू की गरम?

गाडीचं ऑइल तपासणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या सोसायटीत आमचे काका राहत नाहीत. बॉनेट उघडल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत कसा पोचतो देव जाणे. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मापायची पट्टी, काढून फडक्याला पुसेपर्यंत काका चहाच्या कपासकट खाली हजर.

"इंजिन गार आहे?"

"हो काका. मिस्त्री म्हणाला, सकाळी चालू करण्याआधी बघा."

"साफ चूक. एक फेरी मारून ये, मग बघ."

गोची अशी की दोघंही बरोबर आहेत. माझ्या हॅचबॅकला वेट सम्प. म्हणजे सगळं ऑइल इंजिनखालच्या ट्रेमध्ये, ज्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. इंजिन बंद झालं की ऑइल निथळून तिथे जमतं, मग मापायचं. काकांची बुलेट जुनी, ड्राय सम्पवाली. तिचं ऑइल वेगळ्या कप्प्यात राहतं. एक पंप ते इंजिनात धाडतो, दुसरा ओढून परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कप्प्यातलं ऑइल झिरपत इंजिनात उतरतं आणि डिपस्टिक सकाळी सकाळी धादांत खोटं बोलते. खरं काय ते गाडी फिरवून आणल्यावरच कळतं.

काकांच्या पुतण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी लेव्हल खाली दिसली म्हणून त्याने मायेने कप्पा काठोकाठ भरला आणि किक मारली. परतीच्या पंपाने आपलं काम चोख केलं, खाली उतरलेलं सगळं ऑइल वर आणलं. कप्प्यात जागाच नव्हती. ते ब्रीदरवाटे, म्हणजे हवा बाहेर सोडायच्या नळीतून, बाहेर पडलं आणि थेट चेअरमनच्या पार्किंगमध्ये गेलं. पुढच्या मीटिंगला त्यावर रीतसर ठराव झाला.

एवढं होऊनही काकांची ड्राय सम्पवरची श्रद्धा ढळलेली नाही. "जोरात वळण घेतलंस तर तुझ्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला पळणार. पंपाचं तोंड उघडं पडणार, तो हवा ओढणार. प्रेशर गेलं की बेअरिंगं गेली! शिवाय क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइलला लागला की रवीने ताक घुसळावं तसा नुसता फेस." म्हणून फॉर्म्युला वनमध्ये ड्राय सम्प. तिथे उथळ ट्रेमधून पंप ऑइल खेचतात, उंच टाकीत त्यातली हवा निघते आणि मग ते पुन्हा इंजिनात जातं. सगळं पटलं. पण वरंध घाटात माझ्यापुढे लाल परी असते आणि तिच्यापुढे डंपर. त्या वेगात माझं ऑइल कुठे पळणार? ते बापडं बसल्या जागी डुलक्या काढत असतं.

उथळ ट्रे म्हटल्यावर मात्र माझे कान टवकारले. आमच्या गल्लीतले गतिरोधक बहुधा कुणीतरी सूड म्हणून बांधलेत. आठवड्यातून एकदा तरी चेंबर घासतो आणि बायको "लागला ना?" असं विचारते, जणू मीच तो मुद्दाम लावला. "म्हणजे ड्राय सम्प असेल तर चेंबर घासणारच नाही!" मी म्हणालो. काकांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, वाचलेल्या जागेत ते इंजिनच खाली बसवतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो." म्हणजे करोडो मोजायचे आणि पहिल्याच गतिरोधकावर पोटावर बसायचं.

काकांचं आवडतं दैवत म्हणजे पोर्शे ९११, तीही जुनी, एअरकूल्ड. ड्राय सम्पच, पण तिचं ऑइल इंजिन गरम आणि चालू ठेवून बघायचं. १९७२ च्या मॉडेलात कंपनीने ऑइलच्या टाकीचं झाकण बाहेर, उजव्या मागच्या चाकाजवळ दिलं. पेट्रोलचं झाकण पुढे. पंपावरच्या लोकांनी मागचं झाकण पाहिलं आणि काहींनी त्यातच पेट्रोल ओतलं. पुढच्या वर्षी ते झाकण गायब. काका हे फार अभिमानाने सांगतात. मला आपला आमचा पंपावरचा पोरगा दिसतो, "झिरो बघा साहेब" म्हणत ऑइलची टाकी फुल्ल करणारा.

"घेऊन टाक एखादी सेकंडहँड," काका म्हणाले. मी विचारलं, ऑइल किती लागतं? दहा लिटरच्या आसपास. माझ्या गाडीला तीनच्या थोडं वर लागतं आणि कॅन साडेतीनचा मिळतो. दर सर्व्हिसिंगला तळाशी उरलेलं ऑइल मी इमानेइतबारे घरी आणतो. गॅलरीत तुळशीमागे अशा कॅनची रांग झाली आहे. त्यावरून घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मी ते सगळं काकांना देऊ केलं. काकांनी एक कॅन उचलला आणि चष्मा कपाळावर ढकलून लेबल वाचलं. ०डब्ल्यू-२०. त्यांच्या बुलेटला २०डब्ल्यू-५० लागतं, चांगलं दाट. त्यांनी दोन थेंब बोटावर घेऊन चोळले, उजेडात धरले.

"हे ऑइल आहे?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू तुळशीला घालतोस ते पाणी."